चाल उसनी, नाव आपले : इंदुरी परिसरातील घरगुती गाण्याच्या व्हिडीओंचा पूर्वेतिहास

तळेगाव दाभाड्याहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इंद्रायणीच्या काठी वसलेले इंदुरी हे गाव इतिहासाच्या पुस्तकांत येते ते मुख्यतः सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात बांधलेल्या भुईकोटामुळे, आणि भाविकांना ते ठाऊक असते ते त्या कोटातील कडजाईच्या ठाण्यामुळे. (कीर्तनकार इंदुरीकर महाराजांचे इंदोरी ते हे नव्हे; ते अकोले तालुक्यात आहे आणि मावळाशी त्याचा संबंध नाही.) गावाच्या आसपास देहू, तुकोबांच्या एकांताशी जोडला गेलेला भंडारा डोंगर आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक संताजी जगनाडे यांची समाधी असलेले सुदुंबरे ही स्थाने आहेत, तर पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत शिरणारे मावळ आणि पूर्वेला चाकणची औद्योगिक वसाहत आहे. मोबाईलवर घरच्या घरी तयार होणाऱ्या आणि मोबाईलवरूनच पसरणाऱ्या गाण्याच्या व्हिडीओंची इंदुरी ही जन्मभूमी नव्हे, आणि तसा दावा येथे अभिप्रेतही नाही. परंतु या प्रकाराच्या मागे उभ्या असलेल्या जवळजवळ सर्व जुन्या प्रथा या एकाच पंचक्रोशीत आणि तिच्या सभोवतालच्या खोऱ्यांत सापडतात, त्यामुळे त्याचा पूर्वेतिहास शोधण्यास हे ठिकाण सोयीचे ठरते.

घरगुती गाण्याचा व्हिडीओ या संज्ञेत येथे तीन प्रकार गृहीत धरले आहेत. पहिला, तयार गाण्यावर स्वतःची, कुटुंबाची, बैलाची किंवा पुढाऱ्याची छायाचित्रे आणि चलत्‌चित्रे बसवून केलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा, ज्याला सर्वत्र नुसते ‘स्टेटस’ म्हटले जाते. दुसरा, तयार गाण्यावर ओठ हलवून किंवा नाचून केलेला ‘रील’. आणि तिसरा, स्वतः रचलेले किंवा गावातल्याच कोणी रचलेले गाणे लहानशा खोलीतल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित करून, शिवारात नाहीतर किल्ल्यावर चित्रित केलेला, ज्याला करणारे ‘अल्बम साँग’ म्हणतात. तिन्ही प्रकारांत बहुधा चाल, ठेका किंवा संपूर्ण गाणेच दुसऱ्याचे असते आणि त्यात घातलेले नाव मात्र आपले असते. या उसनवारीला अनेक समीक्षक निर्मितीचा अभाव समजतात. मराठी गायनपरंपरेचा विचार करता हा समज टिकत नाही, कारण चाल उसनी घेणे ही येथे कधीच लपवण्याची गोष्ट नव्हती.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा छापील आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’ आणि १८८२ च्या ‘सौभद्र’ या संगीत नाटकांतील पदे लावणी, साकी, दिंडी आणि कानडी गाण्यांच्या प्रचलित चालींवर बांधलेली होती, आणि छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर ते कोणत्या गाण्याच्या चालीवर म्हणायचे हे नमूद करण्याची रीत पुढे कित्येक दशके राहिली. भजनाच्या आणि पोवाड्याच्या चोपड्यांनीही तीच पद्धत उचलली, आणि सिनेमा आल्यावर ‘चाल’ या शब्दापुढे चित्रपटगीताचे नाव येऊ लागले. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तर लोकांच्या ओठांवर आधीच बसलेली चाल हे नवा विचार पोहोचवण्याचे साधनच मानले, कारण श्रोत्याचे लक्ष चालीकडे न जाता शब्दांकडे जावे असा त्यामागचा हिशेब होता.

चाल सर्वांची असल्यामुळे रचना कोणाची हे सांगण्याची जबाबदारी शब्दांवर आली, आणि ती पार पाडणारी युक्ती म्हणजे नाममुद्रा, अर्थात शेवटच्या चरणात गुंफलेले कवीचे नाव. देहूपासून निघालेला अभंग कोणत्याही गावात, कोणत्याही चालीत आणि कोणाच्याही तोंडी गेला तरी त्याच्या शेवटी तुकोबांचे नाव उच्चारल्यावाचून तो संपत नाही. लेखी प्रतीवर कवीचे नाव नसले तरी चालते, कारण ते गाण्याच्या आतच असते आणि काढू गेल्यास चरण मोडतो. अर्थात ही मुद्रा बनावटही करता येई, आणि तुकोबांच्या नावावर चढवलेल्या अभंगांचा प्रश्न गाथेच्या संपादकांना सतत पडत आला आहे. उलट दिशेचे उदाहरण पुण्याच्या प्रभात कंपनीच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात मिळते : त्यासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले एक पद लोकांनी अस्सल तुकोबांचे मानले आणि भजनांतून तसेच म्हटले. आजच्या व्हिडीओच्या कोपऱ्यात चालणारी निर्मात्याच्या नावाची पाटी ही याच गरजेतून आली आहे, मात्र ती गाण्याच्या आत नसून चित्रावर वरून चिकटवलेली असल्यामुळे एका कापणीत नाहीशी होते.

नाममुद्रेची ही परंपरा मुख्यतः पुरुषांची आणि सार्वजनिक आहे. घरगुती व्हिडीओचे अधिक जवळचे नाते ज्या प्रथेशी लागते ती स्त्रियांची, घरातली आणि श्रोत्यांवाचूनची होती. पहाटेच्या अंधारात दळण दळताना बायका म्हणत असलेल्या जात्यावरच्या ओव्या हा महाराष्ट्रभर आढळणारा प्रकार असला तरी त्याचा सर्वांत मोठा पद्धतशीर संग्रह सुरू झाला तो पुणे जिल्ह्याच्या याच पश्चिम पट्ट्यातून. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पुढे भारतीय नागरिकत्व घेतलेले गी पॉइटेव्हिन हे दोघे संशोधक मावळ आणि मुळशीच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेच्या कामानिमित्त वावरत होते. तेथील स्त्रियांना बोलते करण्याच्या प्रयत्नात त्यांना असे आढळले की ज्या गोष्टी बायका बैठकीत सांगत नाहीत त्या ओवीत सहज येतात. पुण्यातील सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या त्यांच्या संस्थेने १९८० च्या दशकापासून पुढे महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून १ लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, आणि १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञ-संगीतसंशोधकाच्या साहाय्याने त्यांतील अनेक ध्वनिमुद्रितही केल्या. पॉइटेव्हिन २००४ मध्ये निवर्तले आणि राईरकर २०१० मध्ये, परंतु संग्रह टिकला, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक संकेतस्थळावर तो टप्प्याटप्प्याने ध्वनी आणि चित्रासह प्रसिद्ध होत आला आहे.

या ओव्यांची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. चालीला बायका ‘गळा’ म्हणतात. एकाच गळ्यावर शेकडो ओव्या बसतात, आणि एकीने म्हटलेली ओळ दुसरी उचलून त्यात आपल्या भावाचे, गावाचे किंवा सुनेचे नाव घालते. सीतेचा वनवास, पंढरीची वाट, सासरचा जाच, आईची आठवण, आणि विदर्भ-मराठवाड्यापासून मुळशीपर्यंतच्या दलित वस्त्यांत बाबासाहेब आंबेडकर असे विषय फिरून फिरून येतात. ओवीवर कर्तीचे नाव नसते, तरीही ती खाजगी असते, कारण निवड तिची असते : हजारो तयार ओळींतून आज कोणती म्हणायची हे दळणारीच ठरवते, आणि त्या निवडीतून तिला काय म्हणायचे आहे ते शेजारच्या जात्यावरच्या बाईला कळते. तयार गाण्यांच्या साठ्यातून आपल्या मनःस्थितीला जुळणारे अर्धे कडवे निवडून त्यावर आपले चित्र लावणाऱ्या आजच्या स्टेटसमध्ये हीच क्रिया घडते. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की जात्यावरच्या बाईचा चेहरा कोणी पाहत नसे. विजेची पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली तेव्हा हा सगळा व्यवहार ओसरला. दळणाचे कष्ट गेले याचे दुःख त्या बायकांनी केले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण ओवीविषयीचा हळवेपणा बहुतेक वेळा कधीही न दळलेल्या माणसांचा असतो.

यंत्रांचा इतिहास तुलनेने सरळ आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात पहिली भारतीय ध्वनिमुद्रणे केली आणि त्यानंतर लवकरच मराठी नाट्यगीतांच्या तबकड्या निघू लागल्या. तथापि तबकडी काढणे हे कंपनीचे काम होते, आणि खेड्यातल्या गायकाला त्यात प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य होते. ही कोंडी कॅसेटने फोडली. अमेरिकन संगीतसंशोधक पीटर मॅन्युएल याने १९९३ च्या आपल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्या पुढे आल्या, आणि त्यांच्या सावलीत प्रादेशिक बोलींतील भक्तिगीते, लोकगीते आणि विडंबने काढणारे असंख्य छोटे उत्पादक उभे राहिले. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांचे आवाज एसटी स्थानकापासून लग्नमांडवापर्यंत याच माध्यमाने पोहोचवले. मावळापुरते पाहता याहून महत्त्वाचे होते ते कोरी कॅसेट घालून ‘रेकॉर्ड’चे बटण दाबणे. कीर्तनात व्यासपीठाच्या पायथ्याशी टेपरेकॉर्डर घेऊन बसलेली माणसे हे त्या काळचे नेहमीचे दृश्य होते; लोणावळ्याजवळ दुधिवऱ्याला ज्यांनी पुढे विठ्ठलमंदिर उभारले त्या बाबामहाराज सातारकरांच्या हरिपाठाच्या विकत मिळणाऱ्या कॅसेटींइतक्याच अशा घरी मुद्रित केलेल्या, एकाकडून दुसऱ्याने उतरवून घेतलेल्या कॅसेटीही घरोघर ऐकल्या जात.

कॅसेटच्या पाठोपाठ व्हिडीओ कॅमेरा आला आणि तो गावात शिरला तो लग्नाच्या निमित्ताने. लग्नाच्या चित्रीकरणानंतर ‘मिक्सिंग’ या नावाने होणाऱ्या संस्काराकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. तालुक्याच्या गावी बसलेला स्टुडिओवाला वधूवरांच्या चित्रावर चित्रपटगीत बसवी, हृदयाच्या आकाराच्या चौकटीत नवरीचा चेहरा फिरवी, पाठवणीला ठरावीक करुण गाणे लावी आणि शेवटी आपल्या स्टुडिओचे नाव झळकावी. आज फोनवरील काइनमास्टरसारख्या ॲपमधून जी चौकट, जी फुले आणि जी गाणी वापरली जातात त्यांची अभिरुची या मिक्सिंगच्या टेबलावर घडली आहे. पुढे सीडी आली, ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी गाण्यांच्या आणि कोकणातील शक्ती-तुऱ्याच्या व्हिडीओ सीडी रस्त्यावर विकल्या जाऊ लागल्या, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मोबाईलच्या दुकानात थोडे पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याची पद्धत रूढ झाली. या दुकानदाराला गावाची आवड जितकी ठाऊक असे तितकी कोणत्याही कंपनीला नव्हती.

हा सर्व व्यवहार कायद्याच्या कडेकडेने चालत होता. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात एखाद्या गाण्याचे पुन्हा नव्याने ध्वनिमुद्रण करण्यास ठरावीक मुदतीनंतर आणि मोबदला भरून वाव होता. टी-सिरीजने जुन्या गाण्यांच्या नव्या आवाजातील आवृत्त्या याच तरतुदीच्या आधारे काढल्या, आणि २०१२ च्या दुरुस्तीने ती मुदत ५ वर्षांची झाली. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात धार्मिक समारंभात आणि लग्नाच्या वरातीत गाणे वाजवल्यास तो भंग मानू नये असे म्हटले आहे. वरातीत वाजणारे गाणे मात्र त्याच वरातीच्या व्हिडीओत ऐकू आले आणि तो व्हिडीओ यूट्यूबवर चढला की प्रश्न वेगळा होतो, आणि तेथे न्यायालयाऐवजी कंपनीची स्वयंचलित ओळखयंत्रणा निर्णय देते : आवाज बंद होतो किंवा जाहिरातीचे उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे वळते. चित्रपटगीताच्या चालीवर भजन म्हणणाऱ्या मंडळाला आयुष्यात प्रथमच चालीलाही मालक असतो हे कळले ते या मार्गाने.

यूट्यूबची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये सुरू झाली असली तरी खेड्यातील माणसाच्या हाती ती खऱ्या अर्थाने आली ती ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यावर, कारण तोवर व्हिडीओ पाहणे म्हणजे रिचार्ज संपवणे होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपने चोवीस तासांनी नाहीसे होणारे स्टेटस आणले, आणि त्याच सुमारास ओठ हलवून गाणी करण्याची ॲप पसरत गेली. त्यांपैकी म्युझिकली हे ऑगस्ट २०१८ मध्ये टिकटॉकमध्ये विलीन झाले. २०१७ च्या पावसाळ्यात सोनूच्या भरवशाची चौकशी करणाऱ्या खेळगाण्याचे महाराष्ट्रभर असंख्य अवतार निघाले : शेतकऱ्यांचा, शिक्षकांचा, एसटी कर्मचाऱ्यांचा, आणि मुंबईच्या रस्त्यांतील खड्ड्यांवर रेडिओ निवेदिका मलिष्का हिने केलेला. तिच्या व्हिडीओवरून राजकीय वाद पेटला आणि महापालिकेने तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस काढली, त्यामुळे तो गाजला. पण या घटनेचे खरे वैशिष्ट्य असे की गाण्याचा कोणताही अवतार मूळ मानला गेला नाही. सर्वांनी एकच गळा घेतला आणि आपापली ओवी म्हटली.

याच काळात औरंगाबादच्या कडूबाई खरात यांचे, एकतारीवर बाबासाहेबांचे गीत म्हणतानाचे, कोणीतरी मोबाईलवर टिपलेले व्हिडीओ राज्यभर पसरले आणि दारोदार गाणाऱ्या या स्त्रीला व्यासपीठे मिळाली. हे उदाहरण नेहमी माध्यमाच्या लोकशाहीकरणाचा दाखला म्हणून दिले जाते आणि ते खोटे नाही, तथापि त्यात कॅमेरा गाणारीच्या हातात नव्हता. खानदेशात अहिराणी गाण्यांच्या निर्मात्यांनी मात्र स्वतःच कॅमेरा, स्टुडिओ आणि वाहिनी उभारून कोट्यवधी वेळा पाहिली जाणारी गाणी केली, आणि त्याच खानदेशातील जळगावच्या संजू राठोड यांचे ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये रील्सच्या बळावर मराठी न समजणाऱ्या देशांतही पोहोचले. मावळ या बाबतीत मागे आहे. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध असल्याचा तोटा बहुधा असा झाला असावा की येथील गुणी वादक-गायक त्या शहरांकडे ओढले गेले आणि स्वतंत्र गाण्याचे केंद्र येथे उभे राहिले नाही. स्टेटसच्या प्रकारात मात्र या पट्ट्याने आपले असे काही केले, आणि त्याचे कारण बैलगाडा हे आहे.

पुणे जिल्ह्याच्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत बैलगाडा शर्यत ही यात्रेचा भाग असते. चढाच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात, एका गाड्याच्या धावेला ‘बारी’ म्हणतात, वेळ सेकंदांत मोजला जातो, पुढे घोडी धावते, आणि ध्वनिक्षेपकावर बसलेला निवेदक गाडामालकाचे, गावाचे आणि बैलाचे नाव यमकात गुंफून बारी होईपर्यंत अखंड बोलत राहतो. या निवेदनात जुन्या पोवाड्याचा आवेश आहे आणि ते लिहून ठेवले जात नाही. ७ मे २०१४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, त्याला त्याच वर्षी उच्च न्यायालयाने अडवले, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या तारखा आणि वर दिलेल्या जिओ, स्टेटस व टिकटॉक यांच्या तारखा शेजारी ठेवल्या असता असे दिसते की घाट बंद असण्याचा काळ आणि मोबाईलवर व्हिडीओ उघडण्याचा काळ जवळजवळ एकच होता. जे बैल घाटात धावू शकत नव्हते ते पडद्यावर धावू लागले : जुन्या बाऱ्यांची चित्रे, निवेदकाचा आवाज, त्याखाली ढोल किंवा चित्रपटातले आवेशाचे संगीत आणि वर बैलाचे नाव. त्याला ‘शर्यत चालू झालीच पाहिजे’ या मागणीची जोड मिळाली आणि छंदाचा प्रचार झाला. घाट पुन्हा उघडल्यावर हा प्रकार थांबला नाही, उलट वाढला. बैलाच्या वाढदिवसाचे, विक्रीचे आणि मृत्यूनंतर श्रद्धांजलीचे व्हिडीओ निघतात, आणि गाजलेल्या बैलांवर स्वतंत्र गाणी रचली जातात.

यामागे पैसाही आहे. द्रुतगती मार्ग, तळेगाव आणि चाकणची औद्योगिक वाढ यांमुळे या पट्ट्यातील जमिनींचे भाव चढले, गुंठ्यागुंठ्याने जमीन विकून श्रीमंत झालेल्या तरुणाला लोकांनी ‘गुंठामंत्री’ हे उपरोधिक नाव दिले, आणि त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकांत लागले. वर मोठा चेहरा, खाली शुभेच्छुकांच्या लहान चेहऱ्यांच्या रांगा ही फ्लेक्सची मांडणी स्टेटसने जशीच्या तशी उचलली आणि तिला गाणे जोडले. ‘भाऊं’च्या अशा व्हिडीओंत चाल चित्रपटाची, शब्द तयार आणि नाव तेवढे बदलते असते, ते व्यक्त होण्याचे साधन आहे की निष्ठेची पावती आहे हा प्रश्न रास्त आहे, पण दरबारी पोवाड्यालाही तो विचारता येईल. उलट बाजूने जे गाणे सत्तेला टोचते त्याला मोल द्यावे लागते : एप्रिल २०२३ मध्ये राज्यातील सत्तांतरावर टीका करणाऱ्या मराठी रॅप गाण्यांवरून दोन तरुण रॅपरांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले.

मावळाला या व्यवहारात आणखी एक भूमिका मिळाली, ती ‘लोकेशन’ची. लोहगड, तिकोना, पवना धरणाचा जलाशय, लोणावळ्याचा भुशी डॅम आणि खुद्द इंदुरीनजीकचा कुंडमळा येथे पावसाळ्यात बाहेरून येणाऱ्या तरुणांची गर्दी होते, आणि तयार गाण्यावर धबधब्याचे चित्र हा ठरून गेलेला साचा झाला आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी डॅमच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांसाठी जे मनाई आदेश काढले त्यांत धोक्याच्या ठिकाणी सेल्फी आणि रील करण्यासही बंदी होती. ‘रील’ हा शब्द अशा रीतीने सरकारी दप्तरात दाखल झाला. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. पुलाच्या जीर्णतेचा दोष व्हिडीओंवर टाकणे चुकीचे ठरेल, मात्र एरवी आसपासच्या गावांपुरते असलेले ठिकाण हजारोंना ठाऊक होण्यात या चित्रांचा वाटा होता हे नाकारता येत नाही.

जून २०२० चा शेवटचा आठवडा या इतिहासात वेगळा उठून दिसतो. करोनामुळे पायी वारी रद्द झाली होती, आणि ३० जूनला तुकोबांच्या पादुका देहूहून एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. टाळेबंदीत अनेक वारकरी कुटुंबांनी घरातच टाळ घेऊन, अंगणात रिंगण करून त्याचे व्हिडीओ एकमेकांना पाठवले. त्याच आठवड्यात, २९ जूनच्या रात्री, केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. निर्णयाच्या योग्यायोग्यतेची चर्चा परराष्ट्रनीतीच्या अंगाने पुष्कळ झाली. ग्रामीण महाराष्ट्राने दोनतीन वर्षांत केलेले गाण्यांचे अगणित तुकडे त्या एका रात्रीत पाहण्यापलीकडे गेले, याची चर्चा झाली नाही. पुढच्या काही आठवड्यांत इन्स्टाग्रामने रील्स आणि यूट्यूबने शॉर्ट्स भारतात आणले आणि करणारे तिकडे वळले, पण आधीचे काम सोबत नेता आले नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे नुकसान अधिक आहे. बैलगाड्याचे आणि भाऊंचे व्हिडीओ जवळजवळ सर्वस्वी पुरुषांचे आहेत; टिकटॉकवर मात्र भात लावणाऱ्या, गोठ्यात शेण काढणाऱ्या, चुलीपुढे बसलेल्या गावाकडच्या बायका आपणहून आल्या होत्या, आणि कोणाच्या मालकीच्या गाण्यावर का होईना, आपली निवड मांडत होत्या. चेहरा दाखवल्याची किंमत त्यांना टिंगल, शेरेबाजी आणि घरातल्या विरोधाच्या रूपाने मोजावी लागली, जी जात्यावर बसलेल्या त्यांच्या आज्यांना मोजावी लागली नव्हती. तरीही आजीची ओवी अभ्यासकाला आज ऐकता येते, कारण कोणीतरी तिच्या गावी जाऊन तिचे नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवली. नातीच्या व्हिडीओच्या वाट्याला असा नोंदकर्ता आलेला नाही.

संस्था नाहीत असे नव्हे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे, आणि १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इंदुरीपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. परंतु पुस्तकांच्या कायद्यात घरगुती व्हिडीओ बसत नाही आणि चित्रपट संग्रहालयाचे काम मुख्यतः चित्रपटांचे आहे. त्यामुळे गेल्या दशकातील मावळच्या गाण्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याला आज परकीय कंपन्यांच्या सर्व्हरवर त्या ठेवतील तोवर जे उरेल त्यावर, आणि गाडामालकांच्या, भजनी मंडळांच्या व लग्नाच्या स्टुडिओवाल्यांच्या जुन्या फोनांत व हार्डडिस्कमध्ये जे सापडेल त्यावर अवलंबून राहावे लागते. त्यांपैकी स्टुडिओवाल्यांचा साठा सर्वांत जुना आणि सर्वांत धोक्यात आहे, कारण व्हीएचएस कॅसेटींवरील चुंबकीय लेप बुरशीने आणि काळाने उतरतो, त्या चालवणारी यंत्रे आता बनत नाहीत, आणि मुद्रण पुन्हा उतरवून घेण्याचा खर्च करायला ज्यांची लग्ने त्यांत आहेत ती कुटुंबेही सहसा तयार नसतात.